'शांतता! कोर्ट चालू आहे' : न्यायप्रक्रियेच्या दृष्टीतून पुनर्वाचन

प्रस्तावना

विजय तेंडुलकर यांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक 'रंगायन'ने १९६७ साली अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले. सुलभा देशपांडे यांनी साकारलेली लीला बेणारे मराठी रंगभूमीच्या इतिहासात कायमची नोंदली गेली. या नाटकावर विपुल समीक्षा झाली. तिचा भर प्रामुख्याने मध्यमवर्गीय दांभिकता, समूहाची हिंसावृत्ती आणि स्त्रीची कोंडी यांवर राहिला. शीर्षकातले 'कोर्ट' मात्र बहुधा रूपक म्हणून बाजूला ठेवले गेले. हे कोर्ट कोर्ट म्हणूनच वाचले तर नाटकाचा कोणता अर्थ हाती येतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. आरोप एक, खटला दुसराच

अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी गावात आलेली हौशी मंडळी वेळ घालवण्यासाठी बेणारेवर लुटुपुटीचा खटला भरतात. आरोप भ्रूणहत्येचा, कलम ३०२. वस्तुतः तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम २९९च्या तिसऱ्या स्पष्टीकरणानुसार गर्भस्थ जीवाचा मृत्यू हा मनुष्यवध ठरत नव्हता. म्हणजे हा दोषारोप पहिल्या पायरीवरच टिकत नाही. मंडळींतील वकील सुखात्मे यांच्यासह कोणालाही याची दखल घ्यावीशी वाटत नाही. पुढे साक्षी होतात त्या बेणारेच्या अविवाहित मातृत्वाविषयी. आणि अविवाहित मातृत्व हा कोणत्याही कायद्याने गुन्हा नाही. आरोपीला नेमक्या कोणत्या आरोपाला उत्तर द्यायचे आहे हे कळलेच पाहिजे, हा फौजदारी प्रक्रियेचा मूलाधार येथे खेळता खेळता निखळतो.

२. बाह्योपचार शाबूत, नियम उद्ध्वस्त

या न्यायालयात शपथ आहे, पुकारा आहे, पिंजरा आहे, शांततेचा आदेश आहे. उपचारांत काहीही उणे नाही. नियम मात्र एकामागून एक मोडतात. सामंत आपली साक्ष एका कादंबरीतून उचलतो. वास्तविक तेव्हा लागू असलेल्या १८७२च्या पुरावा कायद्याचे कलम ६० साक्षीदाराने स्वतः पाहिलेले-ऐकलेले सांगावे असे बजावत होते. आरोपीचे पूर्वचारित्र्य त्याच्या कलम ५४नुसार सर्वसाधारणपणे असंबद्ध होते. येथे त्याखेरीज दुसरे काहीच नाही. न्यायाधीश काशीकर आसनावरून उतरून स्वतः साक्ष देतात आणि पुन्हा त्याच आसनावर जाऊन बसतात. ज्या प्रकरणात न्यायाधीशाचा व्यक्तिगत संबंध आहे ते त्याने चालवू नये, हा तेव्हा लागू असलेल्या १८९८च्या संहितेतील कलम ५५६चा दंडक होता.

सर्वांत अर्थपूर्ण आहे ती बचावाची रिकामी जागा. बचावाचे वकील प्रा. दामले आलेलेच नाहीत, आणि बेणारेच्या उदरातील गर्भाचे पितृत्वही त्यांचेच आहे. त्यांची भूमिका सरकारी वकील सुखात्मेच उरकतात. राज्याच्या खर्चाने वकील मिळण्याचा आरोपीचा हक्क सत्र खटल्यांपुरता १९७३च्या संहितेत स्पष्टपणे आला आणि हुसैनआरा खातून प्रकरणात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची सांगड अनुच्छेद २१शी घातली. तेंडुलकरांनी ही उणीव त्यापूर्वीच रंगमंचावर मांडली होती.

अखेर आरोपीला बोलण्यासाठी दहा सेकंद मिळतात. बेणारेचे प्रदीर्घ स्वगत प्रेक्षक ऐकतात; न्यायालय ऐकत नाही, कारण इतर पात्रे जागच्या जागी गोठलेली असतात. आरोपीचे म्हणणे नोंदवून घेण्याचे न्यायालयाचे कर्तव्य (तेव्हाचे कलम ३४२, नंतरचे ३१३) केवळ औपचारिकता उरले की काय होते, याचे याहून परिणामकारक दृश्यरूप मराठी नाटकात क्वचितच आढळेल.

निकालात गर्भ नष्ट करण्याचा आदेश दिला जातो. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१चा. १९६७ साली आईचा जीव वाचवण्याचा अपवाद वगळता गर्भपात कलम ३१२खाली गुन्हा होता. भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे न्यायालय शिक्षा म्हणून भ्रूणहत्याच फर्मावते.

३. रंगमंचाबाहेर

हे सारे लुटुपुटीच्या कोर्टातच घडते असे म्हणून सुटका होत नाही. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याची फिर्याद झाली. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडताना मुलीच्या पूर्वायुष्याला मोठे वजन दिले. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली रद्द केली. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्राने देशभर चर्चा उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. येथे पिंजऱ्यात फिर्यादी नव्हती; तरीही चौकशी तिचीच झाली. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवू देणारी पुरावा कायद्यातील तरतूद वगळली जाण्यास २००२ची दुरुस्ती यावी लागली.

४. नाटकाची मर्यादा

तेंडुलकरांच्या नाटकात नियम मोडतात ते माणसांच्या द्वेषामुळे. त्यामुळे प्रेक्षक माणसांना दोषी ठरवून संस्थेला निर्दोष सोडू शकतो. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) हा चित्रपट ही पळवाट बंद करतो. तेथे लोकशाहीर नारायण कांबळेला वकील आहे, न्यायाधीशांचे वैर नाही, कामकाज रीतसर चालते. तरी तारखांमागून तारखा पडतात, आणि जामीन मिळाल्यावर नव्या गुन्ह्यात पुन्हा अटक होते. एका कलाकृतीत प्रक्रियेचा अभाव ही शिक्षा आहे, तर दुसरीत प्रक्रिया हीच शिक्षा आहे. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय न्याय्यतेचा प्रश्न पूर्ण होत नाही.

निष्कर्ष

प्रक्रियेचे नियम म्हणजे गुन्हेगारांना मिळालेल्या पळवाटा, असा समज सुशिक्षितांतही दृढ आहे. हे नाटक त्याचे उत्तर आहे. बेणारेला छळणारी माणसे नराधम नाहीत. ती आपल्यासारखीच आहेत. त्यांना आवर घालू शकले असते ते हेच रुक्ष वाटणारे नियम. १ जुलै २०२४पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आणि ३१३चे ३५१ झाले. कलमांचे क्रमांक बदलले. आरोपीचे ऐकून घेण्याचे कर्तव्य बदललेले नाही. पुण्यासारख्या विद्यानगरीत मराठी विभाग हे नाटक शिकवतात आणि विधी महाविद्यालये संहिता शिकवतात. परंतु दोन्ही वर्ग एकमेकांना अनोळखीच राहतात. हे नाटक दोघांनी मिळून शिकवावे, इतके त्यात दोघांसाठीही आहे.