पाहुणी पात्रे, यजमान नियम : संग्राह्य पत्त्यांच्या खेळातील परकी कथाविश्वे

कथेतील पात्रे एका संहितेतून दुसऱ्या संहितेत जाताना काय सोबत नेतात आणि काय मागे ठेवतात, हा तौलनिक साहित्याभ्यासाचा जुना प्रश्न आहे. भाषांतर, नाट्यरूपांतर आणि चित्रपट या माध्यमांच्या संदर्भात त्याचा पुष्कळ विचार झाला आहे. संग्राह्य पत्त्यांचा खेळ हे माध्यम मात्र त्या मानाने उपेक्षित राहिले. रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला आणि १९९३ साली अमेरिकेतील विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने प्रसिद्ध केलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ या दृष्टीने विशेष अभ्यसनीय ठरतो, कारण त्यात परक्या कथाविश्वांचे आगमन आरंभापासून होत आले आहे आणि त्या आगमनाचे स्वरूप तीन दशकांत मुळातून पालटले आहे.

या खेळात खेळाडू आपल्या संग्रहातून पत्ते निवडून स्वतःचा जोड बांधतो. खेळ म्हणजे दोन मांत्रिकांचे द्वंद्व. प्रत्येकाच्या आयुष्याचे वीस गुण असतात आणि ते संपले की तो हरतो. प्रत्येक पत्त्यावर नाव आणि चित्र असते, तसेच तो पत्ता काय करतो हे सांगणारा नियमही छापलेला असतो. म्हणजे पत्ता ही दुपदरी संहिता आहे. नाव व चित्र हा तिचा दर्शनी पदर, तर नियम हा कृतीचा पदर. परकी कथा यांपैकी कोणत्या पदरात उतरते, यावर तिच्या रूपांतराचे मूल्य अवलंबून असते.

खेळाचा पहिलाच विस्तारसंच, डिसेंबर १९९३ मधील ‘अरेबियन नाइट्स’, हा परक्या कथांवर उभा होता. ज्या कथा मराठी वाचकाला कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं’मुळे परिचित झाल्या, त्यांतील अल्लाउद्दीन, अलीबाबा आणि सिंदबाद येथे पत्ते होऊन आले. या पत्त्यांची पाठ मूळ संचाहून वेगळी छापण्याचा विचार होता; तो ऐनवेळी सोडून देण्यात आला. पाठ एकच राहिल्याने परकी कथा आणि घरची कथा एकाच जोडात पिसली जाऊ लागली. पुढच्या सर्व मिश्रणांचे बीज या छपाईच्या निर्णयात आहे.

या संचातील ‘शहरजाद’ हा पत्ता स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. तो खेळला की चालू डाव थांबतो आणि उरलेल्या पत्त्यांनिशी दोन्ही खेळाडू त्या डावाच्या पोटात दुसरा डाव मांडतात. पोटडाव जो जिंकत नाही, त्याचे मूळ डावातील निम्मे आयुष्य जाते. कथेत कथा गुंफून मृत्यू लांबवणे, ही ‘अरेबियन नाइट्स’ची मूळ रचना येथे चित्रात सांगितलेली नाही, ती नियमातून घडवली जाते. पत्त्यावरचे नाव खोडले तरी जाणत्या वाचकाला त्यामागची संहिता ओळखता येईल. अधिकृत स्पर्धांत हा पत्ता निषिद्ध ठरला, कारण डावात डाव निघत गेल्यास सामना वेळेत संपत नाही. शहरजादची सारी कला वेळ लांबवण्याची होती. स्पर्धेच्या वेळापत्रकाला नेमकी तीच मानवली नाही.

१९९९ सालचा ‘पोर्टल थ्री किंग्डम्स’ हा संच चिनी अभिजात कादंबरी ‘तीन राज्यांची कथा’ हिच्यावर आधारलेला होता. येथे भाषांतरकाराला सुपरिचित असलेली अडचण उभी राहिली. मॅजिकमध्ये उडणाऱ्या प्राण्यांना फार महत्त्व आहे. त्या कादंबरीच्या युद्धभूमीवर मात्र उडणाऱ्या फौजा नाहीत. रचनाकारांनी उड्डाणाच्या जागी घोडदौडीचे कौशल्य हा नियम योजला : घोडेस्वाराला घोडेस्वारच अडवू शकतो. कार्य जवळजवळ तेच, पण प्रतिमा त्या संस्कृतीतली. भाषांतरमीमांसेत ज्याला प्रतिशब्दाचा शोध म्हणतात, त्याचाच हा खेळातला नमुना होय.

वरील दोन्ही संहिता कोणाच्या मालकीच्या नव्हत्या. त्यांचे रूपांतर करताना कोणाची परवानगी लागली नाही. २०२० नंतरची परिस्थिती निराळी आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ‘द वॉकिंग डेड’ या दूरचित्रवाणी मालिकेतील पात्रे मर्यादित मुदतीच्या विक्रीतून खेळात आली. हे पत्ते नियमांच्या दृष्टीनेही नवे असल्याने खेळाडूंत मोठा वाद झाला. २०२१ मध्ये परक्या विश्वांसाठी ‘युनिव्हर्सेस बियाँड’ ही स्वतंत्र मालिका जाहीर झाली. पुढे वॉकिंग डेडच्या पत्त्यांच्या घरच्या विश्वातील प्रतिकृती काढण्यात आल्या. रिक या नायकाच्या जागी ग्रेमंड आला. नेगनची ‘लुसील’ ही बॅट जाऊन त्या जागी गिसाचे आवडते फावडे आले. नियम अक्षरशः तेच राहिले. हा बदल समीक्षेला एक सोपी कसोटी देतो. रिकचे नाव काढल्यावर नियमात उरतो तो माणसांच्या जमावाला बळ देणारा कोणताही पुढारी. शहरजादचे नाव काढले तरी शहरजाद उरते. पहिल्या ठिकाणी परक्या कथेचा केवळ शिक्का आला आहे, दुसऱ्या ठिकाणी कथा आली आहे.

अर्थात परवान्याने आलेली प्रत्येक कथा दर्शनी पदरातच राहते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जून २०२३ मधील टोल्कीनच्या विश्वावरील संचात ‘द वन रिंग’ हा पत्ता आहे. प्रत्येक वापरागणिक त्यावर ओझ्याची एक खूण चढते. जितक्या खुणा, तितके नवे पत्ते हाती येतात आणि खेळाडूच्या प्रत्येक पाळीच्या आरंभी तितकेच आयुष्य घटते. मुद्रिकेचे सामर्थ्य आणि तिची झीज यांचे हे समर्थ नियमांतर आहे. परंतु त्याच संचातील मुद्रिकेच्या मोहाचा नियम पाहावा. मोह वाढतो तसे मुद्रिकाधारक पात्राला चार टप्प्यांत केवळ लाभ मिळत जातात. किंमत कोठेच मोजावी लागत नाही. कादंबरीचे नैतिक केंद्रच येथे गळाले आहे. शिवाय जोडात या ‘एकमेव’ मुद्रिकेच्या चार प्रती ठेवता येतात आणि नवी प्रत आणून जुनीचे ओझे झटकता येते. एकमेवपणा उतरला तो बाजारात : या पत्त्याची खरोखर एकच क्रमांकित प्रत छापण्यात आली आणि ती २०२३ मध्ये पोस्ट मलोन या गायकाने विकत घेतली.

२०२५ मध्ये हा प्रवाह खेळाच्या मध्यभागी आला. ‘स्टँडर्ड’ या प्रमुख स्पर्धाप्रकारातील त्या वर्षीच्या सहा संचांपैकी ‘फायनल फँटसी’, ‘स्पायडर-मॅन’ आणि ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ हे तीन परक्या विश्वांचे होते. त्यांतील स्पायडर-मॅनचे पत्ते ‘अरीना’ या संगणकीय आवृत्तीत वेगळ्या नावांनी व चित्रांनी आले, कारण परवान्यात तो हक्क समाविष्ट नव्हता. एकाच पत्त्याचा पाठभेद आता लेखनिकाच्या चुकीने होत नाही, तर करारातील कलमाने होतो. पाठचिकित्सेला हे नवे क्षेत्र आहे.

भारतीय अभ्यासकाला या संदर्भात गंजिफा आठवणे स्वाभाविक आहे. मोगल गंजिफ्याच्या आठ रंगांत सूर्यरूप सुवर्णनाणे आणि चंद्ररूप रौप्यनाणे होते. दिवसा पहिल्याची व रात्री दुसऱ्याची उतारी असे. सावंतवाडीने जपलेल्या दशावतारी गंजिफ्यात दहा रंगांचे १२० पत्ते झाले आणि दिवसाची उतारी रामाकडे, रात्रीची कृष्णाकडे आली. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी. परका नियम कायम राहिला, परंतु नव्या नावांनी त्याला या मातीतले कारण दिले. ग्रेमंडच्या नावाने रिकच्या नियमाला असे कोणतेही कारण मिळत नाही.

यातील खरी हानी पाहुण्या कथांची नाही. त्यांच्या मूळ संहिता अबाधित आहेत. हानी यजमानाची आहे. मॅजिकला डोमिनेरियादी स्वतःची विश्वे होती, स्वतःची आख्याने होती. नियम आणि आख्यान तेथे एकमेकांना घडवीत आले. परक्या विश्वांचा वाटा निम्म्यावर गेल्यानंतर हा खेळ स्वतःचे वाङ्मय असलेली भाषा राहण्याऐवजी कोणत्याही वाङ्मयाला भाड्याने देता येणारे व्याकरण होऊ लागतो. ओळखीच्या पात्राला भेटण्याचा खेळाडूचा आनंद खरा आहे, आणि त्या आनंदाने नवे खेळाडू आले हेही खरे. तथापि ओळख पटणे आणि कथा पुन्हा घडणे या दोन भिन्न घटना आहेत. पहिलीसाठी परवाना पुरतो. दुसरीसाठी मूळ संहितेचे वाचन लागते, आणि १९९३ मध्ये एका पत्त्यापुरते तरी ते झाले होते.