अडकित्त्याच्या खिळीपलीकडे

अडकित्ता हे फार साधं यंत्र. दोन दांडे, एका टोकाला खीळ, खिळीजवळ वर धारेचं पातं आणि खाली सुपारीला टेकू देणारी बैठक. सुपारी खिळीच्या जितकी जवळ तितका हाताला जोर कमी लागतो. शाळेच्या विज्ञानात यालाच दुसऱ्या प्रकारची तरफ म्हणतात. एवढ्याशा कामाच्या वस्तूवर कारागिरानं किती जीव लावावा? पुण्यात शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालयात अडकित्त्यांच्या कपाटापुढे उभं राहिलं की हा प्रश्न पडतो. आमच्या बेळगावच्या शहापुराहून कुणी पुण्याला निघालं, तर या कपाटाला घाई न करता वेळ द्या, असं मी आवर्जून सांगते.

पाहणाऱ्याचं लक्ष आधी आकारांकडे जातं. पक्षी असतात, प्राणी असतात, स्त्रीपुरुषांच्या जोड्या असतात. त्यांचं कौतुक करून माणसं पुढच्या दालनाकडे वळतात. जरा थांबावं आणि नक्षी नेमकी कुठे आहे ते बघावं. सुपारी जिथे येते तिथे काहीच कोरीव काम नाही. तळहात जिथे दाबतो तिथे दांडा गोलसर, हाताला न बोचणारा. पात्याच्या बाहेरच्या अंगाला थोड्या रेघा, एखादी वेल. आणि खिळीच्या पलीकडे, जिथे यंत्राचं काम संपतं, जिथे ना सुपारी येते ना बोट, तिथे ओताऱ्याला मोकळीक मिळते. पक्ष्याची मान वळते ती तिथे. तुरा, चोच, स्वाराची पगडी, सगळी हौस त्या बोटभर जागेत. कामाला लागणारी जागा त्यानं कामाला सोडली आणि उरलेल्या जागेत मनासारखं केलं. हा संयम मला त्या पक्ष्याहूनही सुंदर वाटतो.

जोडीचा अडकित्ता तर उघडझापीचा विचार करूनच घडवलेला असतो. दांडे उघडले की दोघं दूर जातात, मिटले की जवळ येतात. विडा आपल्याकडे जेवणानंतरचा, बैठकीचा आणि एकांताचाही. लावणीत तो शृंगाराची खूण म्हणूनच येतो. त्या विड्याची सुपारी कातरताना प्रत्येक कापाबरोबर हे दोघं भेटतात. कल्पना धिटाईची, आणि तिच्यासाठी वेगळं काही केलेलं नाही. जी हालचाल सुपारी फोडायला लागणारच होती, तिलाच अर्थ दिला. काही अडकित्त्यांना बारीक घुंगरं लावायची पद्धत होती. मग ती हालचाल कानालाही कळायची. काचेआड अडकित्ता निश्चल असतो, म्हणून पाहणाऱ्यानं मनातल्या मनात तो एकदा उघडून मिटून घ्यावा. त्याशिवाय हा रस हाती लागत नाही.

हे सगळं निवडून आणणारा माणूस कवी होता. दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६, मृत्यू १९९०. ‘अज्ञातवासी’ या नावानं ते कविता लिहीत. घरचा धंदा चष्म्यांच्या दुकानाचा. १९२०च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पुढची सत्तर वर्षं ते त्याच कामात राहिले. १९६०पर्यंत वस्तू पंधरा हजारांच्या घरात गेल्या होत्या. १९६२मध्ये संग्रहालय उभं राहिलं. १९७५मध्ये हा सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाला देऊन टाकला. आज तिथे वीस हजारांवर वस्तू आहेत आणि त्यांतल्या अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या आहेत. पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्या बरोबरीनं होत्या. त्यांचा राजा हा मुलगा सातव्या वर्षी गेला, त्याचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. आईबापांचं हे दुःख शब्दांत पकडायला जाऊ नये.

केळकरांच्या निवडीचं मोल कळायला त्या काळचं पुणं आठवावं लागतं. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०मध्ये स्थापन झालं होतं. दप्तरं, बखरी, ताम्रपट, नाणी यांचा शोध जोरात चालला होता. इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि कागद, अशीच समजूत सर्वत्र होती. त्यात काही चूक नव्हतं. त्या कागदांशिवाय आपल्याला मराठ्यांचा इतिहास लिहिताच आला नसता. पण त्याच गावात हा माणूस स्वयंपाकघरातल्या आणि माजघरातल्या वस्तू गोळा करत होता. कुंकवाचे करंडे, फण्या, दौती, कुलपं, दिवे. ज्या वस्तूंचा उल्लेख एकाही तहात येत नाही, त्या त्यांनी जपायच्या ठरवल्या. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांनी संग्रहालयात तो महाल पुन्हा उभा केला, त्याची कीर्ती मोठी आहे. तरी त्यांची दृष्टी मला महालापेक्षा करंड्यात अधिक दिसते. महाल कुणालाही महत्त्वाचा वाटेल. कुंकवाचा करंडा महत्त्वाचा वाटायला मनाची वेगळी तयारी लागते.

दिव्यांवर त्यांचा विशेष जीव. १९६१मध्ये भारत सरकारच्या प्रकाशन विभागानं त्यांचं ‘लॅम्प्स ऑफ इंडिया’ हे पुस्तक काढलं. समई, लामणदिवा, निरांजन, दीपलक्ष्मी अशा अनेक प्रकारच्या दिव्यांना तेल आणि वात एवढ्याच दोन गोष्टी लागतात. तेल कुठे साठवायचं आणि वात कुठे टेकवायची, या दोन प्रश्नांची ती शेकडो उत्तरं आहेत. एकाच प्रकारच्या वस्तू ओळीनं मांडण्याचा लाभ इथे कळतो. एक अडकित्ता पाहिला तर गंमत वाटते. शेजारी शेजारी वीस पाहिले की चौकट कोणती आणि तिच्यात कुणी काय भरलं, ते दिसू लागतं. जात्यावरच्या ओवीचं असंच असतं. चाल तीच, पण प्रत्येक बाई तिच्यात आपलं माहेर आणि आपला भाऊ आणते. मांडणी करणाऱ्यानं हे ओळखलेलं असतं, आणि तीच त्याची निर्मिती. त्यानं वस्तू घडवलेली नसते, पण कोणती कुणाशेजारी ठेवायची, हे ठरवून तो तिला बोलती करतो.

वस्तुसंग्रहालयात काम करणाऱ्यांचा दिवस बाहेरच्यांना रुक्ष वाटतो. आलेली वस्तू नोंदवहीत चढवायची, तिला क्रमांक द्यायचा, तो सहसा न दिसणाऱ्या जागी बारीक अक्षरात घालायचा. भांडं उचलताना कडीला किंवा कानाला धरायचं नाही, दोन्ही हातांनी तळाखालून आधार द्यायचा. पितळ चिंच लावून लखलखीत करायचं नाही. घरी आपण ते हौसेनं करतो, पण चिंचेतलं आम्ल प्रत्येक वेळी धातूचा पातळ थर नेतं आणि त्याबरोबर बारीक नक्षीही झिजते. जुनं कापड घडी घालून ठेवायचं नाही. घडीवर धागा तुटतो, म्हणून ते नळकांड्यावर गुंडाळायचं. त्याच्यावर उजेडही बेतानंच सोडायचा, पन्नास लक्सच्या आसपास. पाहणारा कुरकुरतो, दालनात अंधार आहे म्हणतो. पण कापडाचा रंग एकदा उडाला की परत येत नाही, म्हणून काळजी घेणाऱ्यानं ती कुरकुर ऐकून घ्यावी.

या कामात सुख कुठे आहे? मला वाटतं, वस्तू उलटी करून बघण्यात आहे. पाहणाऱ्याला तिची दर्शनी बाजू दिसते, तळ फक्त सांभाळणाऱ्याला दिसतो. तळाला झीज एकाच बाजूला असेल, तर वापरणाऱ्याची सवय कळते. डागलेला जोड दिसला, तर फुटलेली वस्तू टाकवली नाही, हे कळतं. आणि पितळेच्या भांड्यावर नाव असतं. लग्नात, मुंजीत, डोहाळजेवणात भांडं द्यायचं तर त्यावर नाव घालून द्यायची आपल्याकडची रीत. टिंबाटिंबांनी ठोकलेली ती अक्षरं, कधी देणाऱ्याचं नाव, कधी घेणाऱ्याचं, कधी तारीख. आमच्या सीमाभागात ती देवनागरीत असतात तशी कानडीतही असतात, आणि एकाच फडताळात दोन्ही नांदतात. बाईचं नाव कोरलेलं अख्ख्या घरात दुसरीकडे कुठेच सापडत नाही, ते या भांड्यावर सापडतं. ज्यानं भांडं घडवलं त्याचं नाव मात्र जवळजवळ कधीच नसतं. अडकित्त्यावर ज्यानं तो पक्षी बसवला, तोही निनावीच राहिला.

वज्रीपुढे थांबल्याशिवाय मात्र या दालनांतून बाहेर पडू नये. वज्री म्हणजे पाय घासायचं साधन, न्हाणीघरातलं, वस्तूंच्या उतरंडीत अगदी खालचं. खालची बाजू खरबरीत, तिच्यावर उभ्याआडव्या रेघांची जाळी. टाचेच्या भेगांसाठी ती हवीच. वर धरायला मूठ, आणि ती मूठ म्हणजे एखादा पक्षी किंवा बाईची आकृती. काही वज्र्या पोकळ असून आत खडे असतात, म्हणजे घासताना त्या वाजतात. शेतातून, बाजारातून थकून आलेल्या बाईला दिवसभरात स्वतःसाठी मिळणारी वेळ बहुधा आंघोळीचीच. तिथे, दाराआड, कुणी बघत नसताना तिच्या हातात काहीतरी देखणं असावं आणि ते तिच्यापुरतं वाजावं, असं कुणाला तरी वाटलं. मिरवायला नसलेल्या वस्तूवर केलेली ही मेहनत आहे, म्हणून ती मला अडकित्त्याहून थोर वाटते. विडा चारचौघांत फिरतो, वज्री कुणालाच दाखवायची नसते.

या संग्रहाची एक मर्यादाही सांगायला हवी, कारण ती आमच्या गावाशी येऊन भिडते. केळकरांचा डोळा कवीचा होता, अलंकारावर लुब्ध होणारा. त्यांच्या निवडीत नटलेल्या वस्तूंना मान आहे. अगदी साध्या, बिननक्षीच्या हत्यारापाशी रसिकानं काय करायचं, ते हे दालन शिकवत नाही. शहापूर, वडगाव, खासबाग हा विणकरांचा भाग. शहापूर सांगली संस्थानात आणि बेळगाव इंग्रजांकडे, अशी वाटणी होती तेव्हापासून इथलं लुगडं नावाजलेलं. हातमाग मागे पडून यंत्रमाग आले. विणणाऱ्या घरांतल्या जुन्या हत्यारांत धोटा पाहा. होडीच्या आकाराचं लाकूड, दोन्ही टोकं निमुळती, धातूनं मढवलेली. मधल्या पोकळीत कांडी, अंगाला धागा बाहेर यायला लहानसं भोक. नक्षी नावाला नाही. पण त्यावरून बोट फिरवा, कुठे कूस लागणार नाही. ताण्याच्या धाग्यांतून तो दिवसभर इकडून तिकडे धावतो. एक खडबडीत ठिकाण राहिलं तरी धागा तुटतो, वीण बिघडते. म्हणून तो गुळगुळीत, आणि वर्षानुवर्षांच्या हातांनी आणखी गुळगुळीत झालेला. अडकित्त्यात काम आणि हौस शेजारी शेजारी आहेत, धोट्यात ती वेगळी काढताच येत नाहीत. ज्याला खिळीपलीकडचा पक्षी कळला, त्याला हा पुढचा धडा जड जाऊ नये.

पुण्यात एका चष्मेवाल्या कवीनं सरकारची वाट न बघता, दुकान चालवता चालवता हे उभं केलं. शहापुरात धोटे, मागाच्या फण्या, रहाट आणि कांड्या अजून माळ्यांवर आणि परसातल्या अडगळीत सापडतील. खडेबाजारात साड्यांच्या दुकानांची रांग आहे, पण त्या विणणारं हत्यार तिथे बघायला मिळत नाही. ज्यांच्या घरी खड्डामाग होता त्यांना माझी विनंती आहे. मागाचं लाकूड जळणात घालण्याआधी एक धोटा आणि एक फणी बाजूला काढा. वस्तू कुणाची, कोणत्या गल्लीतली, तिनं काय विणलं जाई, घरात तिला काय म्हणत, हे जिवंत माणसांना विचारून एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी वस्तूला बांधा. घरात मराठी बोलत असतील तर मराठीत, कानडी बोलत असतील तर कानडीत. आणि आजीची पितळी भांडी मोडीत काढणार असाल, तर तराजूत टाकण्याआधी त्यांवरची नावं वाचा आणि उतरवून ठेवा.