अर्ध्या चक्राचा हिशेब

शेप मेमरी अलॉयच्या ॲक्ट्युएटरवरचे चार-पाच पेपर उघडून बघा. पहिल्या परिच्छेदात एक वाक्य बहुतेक वेळा भेटतंच: या मिश्रधातूची कार्यघनता इतर जवळपास सगळ्या ॲक्ट्युएटरपेक्षा जास्त आहे, घनमीटरला सुमारे १ कोटी ज्यूल. वाक्य खोटं नाही. माझी तक्रार अशी आहे की त्याच्या पुढचा हिशेब अनेक पेपर करतच नाहीत, आणि नवा विद्यार्थी त्या एका आकड्यावर विषय निवडून मोकळा होतो. मीही झालो होतो.

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी नायटिनॉलच्या तारेवर चालणारं एक बोट बनवलं होतं. करंट दिला की बोट सेकंदाभरात मिटायचं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर म्हणाले, "छान. आता पुन्हा करून दाखवा." मग आम्ही सगळे त्या तारेकडे बघत उभे. तार गार होईना, बोट उघडेना. शेवटी कोणीतरी पंखा लावला.

नायटिनॉल म्हणजे निकेल आणि टायटॅनियम, अणूंच्या हिशेबात जवळजवळ निम्मेनिम्मे. थंड असताना तार मार्टेन्साइट अवस्थेत असते, मऊ, ओढली की लांबते. तापवली की ऑस्टेनाइट होते आणि मूळ लांबीवर परत येते, येताना वजन ओढते. तापवणं आपल्या हातात आहे, वीज सोडली की झालं. गार होणं मात्र हवेच्या मर्जीवर. शिवाय गार झालेली साधी तार आपणहून लांबत नाही. तिला मागे ओढायला स्प्रिंग लागते, आणि त्या स्प्रिंगशी झुंजण्यात तारेचं थोडं बळ दर वेळी खर्ची पडतं.

आता आकडे घालू. अर्धा मि.मी. जाडीची १ मीटर तार घ्या. वजन जेमतेम सव्वा ग्रॅम. झेपेल एवढ्या स्ट्रेसवर ती साधारण ३५ न्यूटन बळाने ४ सें.मी. आखडते. म्हणजे १.४ ज्यूल काम, किलोमागे हजार ज्यूलच्या वर. डोळे दिपतात! ४ अँपिअर करंट दिला तर हे सगळं सेकंदाभरात होतं, म्हणून किलोमागे हजार वॉटहून जास्त शक्ती असंही लिहिता येतं. पण हीच तार स्थिर हवेत गार व्हायला आणखी १४-१५ सेकंद घेते. पूर्ण चक्राच्या वेळाने भागा. किलोमागे ७० वॉटच्या आसपास उरतात. घड्याळ अर्ध्यात थांबवलं की आकडा पंधरापट होतो, एवढीच ती जादू.

ऊर्जेचंही तेच. ही तार ६० अंशांनी तापवायला ४० ज्यूलच्या आसपास लागतात, आणि अवस्था बदलायला वर आणखी २५. साधारण ६५ ज्यूल घालून १.४ मिळाले, म्हणजे दोन टक्के. २० आणि ८० अंशांच्या मध्ये चालणारं आदर्श उष्णता-इंजिनही १७ टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही, तेव्हा यात तारेची चूक नाही. पण बॅटरीवर चालणाऱ्या रोबोच्या पेपरात हे दोन टक्के कुठे लिहिलेत ते शोधून बघा.

दुसरी खोड तुलनेच्या तक्त्यांची. एकाच ओळीत लिहिलेलं असतं: स्ट्रेन ८ टक्के, आयुष्य लाखो चक्रं. ही एकाच तारेची गोष्ट नसते. ८ टक्के ताणून वापरलेली तार फार चक्रं टिकत नाही, आणि लाखो चक्रं हवी असतील तर स्ट्रेन ३-४ टक्के किंवा त्याहूनही खाली ठेवावा लागतो. लग्नाच्या बायोडेटात थोरल्याची नोकरी, धाकट्याचं वय आणि चुलतभावाचा फ्लॅट लिहावा, तसला हा प्रकार. जानी आणि सहकाऱ्यांचा २०१४चा आढावा या विषयात सगळेच उद्धृत करतात. त्यात मर्यादांचीही चर्चा आहे. उद्धृत करताना ती पानं गळतात.

मग हे तंत्रच फसवं का? अजिबात नाही. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या सोजर्नर गाडीवर नायटिनॉलच्या तारेने एका सौर घटावरची काच बाजूला सरकवली जायची, धुळीमुळे वीज किती घटते ते मोजायला. घाई कसलीच नव्हती, वजनाची मात्र चणचण होती. बोइंगने २००५ साली ७७७ विमानावर इंजिनच्या मागच्या कडेचे दातेरी पट्टे याच मिश्रधातूने वाकवून पाहिले. उड्डाणाच्या वेळी आवाज कमी करायला ते आत वाकायचे आणि विमान उंचीवर गेलं की सरळ व्हायचे. तिथे सावकाश झालं तरी चालतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात याच्या उलट वेग लागतो, पण तिथली तार केसाहून बारीक असते. आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणून ती सेकंदाच्या लहानशा अंशात गार होते, आणि भिंगाला हलायचं असतं तेही केसभरच. बारीक तारेला बळ कमी. बळासाठी पन्नास तारा एकत्र बांधल्या, तर त्या एकमेकींनाच तापवत बसतात.

गेल्या महिन्यात एक ज्युनिअर सिनॉप्सिस घेऊन आला. चालताना पाऊल उचलायला मदत करणारा पट्टा, सेकंदाला एक पाऊल, जाड नायटिनॉल तारा. कार्यघनतेचं ते वाक्य पहिल्याच परिच्छेदात. मी विचारलं, "गार कशाने करणार?" म्हणाला, "दादा, पाणी खेळवू." पंप, नळ्या, पाणी, बॅटरी, यातलं काहीच त्याच्या वजनाच्या तक्त्यात नव्हतं. तो तक्ता घेऊन परत गेलाय. पंपाचं वजन मिळालं, बॅटरीचं अजून काढतोय.