अहल्येच्या नावातली शिळा

भाचीच्या मुलीच्या बारशाला मी ‘अहल्या’ हे नाव सुचवले, तेव्हा आमच्या आत्या चटकन म्हणाल्या, ‘शिळा झालेल्या बाईचं नाव कशाला?’ कुणीतरी म्हणाले, ‘अहो, होळकरांच्या अहिल्याबाईंचं आहे!’ त्या वादाने मला पुन्हा जुन्या ग्रंथांकडे नेले.

नाव फार जुने. शतपथ ब्राह्मणात यज्ञात इंद्राला बोलावताना ‘अहल्येचा जार’ म्हटले आहे. तिथे हे बिरूद इंद्राचे आहे, तिचे नव्हे. पुढच्यांनी नावाची फोड केली. उत्तरकांडानुसार ‘हल’ म्हणजे कुरूपता; ती नसलेली ती अहल्या. कुमारिल भट्टांच्या मते इंद्र सूर्य आणि अहल्या दिवसात लीन होणारी रात्र. रवींद्रनाथांनी तिच्यात नांगर न लागलेली जमीन पाहिली. मला या सगळ्या व्युत्पत्तींबद्दल एक तक्रार आहे: रूप, रात्र, जमीन, सगळे सापडते, बाई तेवढी नाहीशी होते.

वाल्मीकींच्या बालकांडात मात्र ती आहे. मुनीच्या वेषातल्या इंद्राला ती ओळखते आणि कुतूहलाने होकार देते. शाप आहे तो वारा खाऊन, राखेत पडून, कुणाला न दिसता राहण्याचा. शिळा कुठेच नाही. शापमुक्तीनंतर राम-लक्ष्मण तिच्या पायांना हात लावतात! कालिदासाच्या रघुवंशात ती शिळा झालेली असून रामाच्या पायधुळीने मूळ रूप पावते. पाय कोणाचे आणि हात कोणाचे, हेच उलटले. आपल्या मनात ठसली ती ही उलटलेली कथा.

आता होळकरांविषयी. नावाला प्रतिष्ठा अहिल्याबाईंनी दिली, हे अर्धेच खरे. १७२५ मध्ये चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांनी मुलीचे हे नाव ठेवले, तेव्हा महेश्वरचा कारभार कुणाच्या स्वप्नातही नव्हता. शापाची कथा जुनीच होती. तरी गावच्या पाटलाला नाव अशुभ वाटले नाही. सकाळी स्मरायच्या पंचकन्यांतही पहिले नाव तिचेच. म्हणजे लोकांनी हे नाव कलंकित मानून टाकले नव्हते, आणि राणीने ते धुऊन काढण्याचा प्रश्नच नव्हता. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. तिथेही राणीच आठवते, गौतमाची पत्नी नाही.

पाळण्यात नाव अखेर दुसरेच पडले. आत्यांना मी नंतर बालकांडाचा तो भाग वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही रे.’