टेमिंग ऑफ द श्रू, द

विल्यम शेक्सपिअर (१५६४–१६१६) ह्याची पाच अंकी सुखात्मिका. रचनाकाल सु. १५९०–९२. १६२३ च्या ‘फर्स्ट फोलिओ’त ती प्रथम छापली गेली. वेषांतर, तोतयेगिरी आणि बाह्य रूपावरून होणारी फसगत ही प्रबोधनकालीन सुखात्मिकेची आवडती साधने होत. ह्या नाटकात ती स्त्रीच्या आज्ञाधारकतेच्या प्रश्नाशी जोडली गेली आहेत.

आरंभीच्या उपोद्‌घातात एक उमराव दारूच्या नशेत झोपलेल्या ख्रिस्तोफर स्लाय नावाच्या कल्हईवाल्याला आपल्या वाड्यात आणवितो आणि तो स्वतःच सरदार असल्याचे त्याला भासवितो. उमरावाचा तरुण हुजऱ्या स्त्रीवेषात त्याची पत्नी बनतो. त्याला रडू आले नाही, तर रुमालात कांदा लपवावा, अशी सूचना उमरावाने दिलेली असते. नाटकातील ही पहिली आज्ञाधारक पत्नी. ती पतीच्या आज्ञेत असल्याचे तोंडाने सांगते. पण शेजेवर येण्याची त्याची पहिलीच आज्ञा वैद्यांचे निमित्त पुढे करून टाळते. मुख्य कथानक हे स्लायच्या मनोरंजनासाठी दाखविलेले नाटक आहे.

पॅड्युआमधील बॅप्टिस्टा ह्या धनिकाच्या दोन मुलींपैकी थोरली कॅथरिना तोंडाळ म्हणून कुप्रसिद्ध, तर धाकटी बिआंका शालीन म्हणून सर्वांना प्रिय. थोरलीचे लग्न झाल्याखेरीज धाकटीचे करावयाचे नाही, असा पित्याचा निर्धार असतो. बिआंकाच्या प्रियाराधनाचे उपकथानक आरिऑस्तोच्या ‘ई सुप्पोझिती’ (१५०९) ह्या इटालियन सुखात्मिकेवरून जॉर्ज गॅस्कॉइनने रचलेल्या ‘सपोझेस’ (१५६६) ह्या नाटकातून आलेले आहे. त्यात सेवक मालकाचे रूप घेतो, मालक शिक्षक होतो आणि एक परका माणूस नायकाचा बाप म्हणून उभा राहतो. बिआंकाचे मौन पाहून ल्यूसेन्शिओ तिच्यावर लुब्ध होतो. तीच बिआंका पुढे पित्याला न कळविता विवाह करते. तिची शालीनता हाही एक मुखवटाच ठरतो.

व्हेरोनाचा पेट्रूकिओ हुंड्याच्या लोभाने कॅथरिनाशी विवाह करतो. बहिरी ससाणा माणसाळविण्याच्या पद्धतीप्रमाणे तो तिला उपाशी ठेवतो, झोपू देत नाही. अन्न करपले आहे, बिछाना नीट घातलेला नाही, अशी निमित्ते सांगून हा छळ तो तिच्याविषयीच्या काळजीच्या आवरणाखाली करतो. सूर्याला चंद्र म्हणण्याची त्याची आज्ञा ती मान्य करते, तेव्हाच माहेरचा रस्ता मोकळा होतो. अखेरच्या प्रवेशात तीन पती शंभर क्राउनांची पैज लावून आपापल्या पत्नीला बोलावतात. बिआंका आणि हॉर्टेन्शिओची पत्नी येत नाहीत. कॅथरिना येते आणि पत्नीधर्मावर ४४ ओळींचे भाषण करते.

हे भाषण मनापासूनचे की उपरोधिक, ह्यावर समीक्षकांत मतभेद आहेत. संहितेत निर्णायक खूण नाही. तथापि आज्ञाधारकपणा वेषासारखा अंगावर चढविता येतो, हे प्रेक्षकाला उपोद्‌घातापासूनच दाखविलेले असते. म्हणून त्या भाषणातून कॅथरिनाचे अंतःकरण उलगडत नाही. सिद्ध होते ते एवढेच, की अपेक्षित भूमिका ती आता वठवू शकते. मात्र उपरोधाचा अर्थ लावल्याने नाटकातील क्रौर्य नाहीसे होत नाही. जवळजवळ सर्वच पात्रे काही ना काही सोंग घेत असताना कॅथरिनाची भूक आणि जागरण तेवढे खरे आहे. ह्या नाटकाच्या विनोदाची मर्यादा येथेच दिसते.

ही अस्वस्थता केवळ आधुनिक नव्हे. जॉन फ्लेचरने ‘द वुमन्स प्राइझ ऑर द टेमर टेम्ड’ (सु. १६११) ह्या नाटकात विधुर पेट्रूकिओला त्याच्या दुसऱ्या पत्नीकडून वठणीवर आणविले. १८९७ मध्ये जॉर्ज बर्नार्ड शॉने अखेरच्या प्रवेशावर कठोर टीका केली.

वासुदेव बाळकृष्ण केळकर ह्यांनी केलेले ह्या नाटकाचे ‘त्राटिका’ हे मराठी रूपांतर शाहूनगरवासी नाटक मंडळीने रंगभूमीवर लोकप्रिय केले. त्यात गणपतराव जोशी हे प्रतापराव, तर बळवंतराव जोग हे त्राटिका होत. रामायणातील राक्षसीचे नाव नायिकेला दिल्याने तिच्याविषयीचा निवाडा पडदा उघडण्यापूर्वीच झालेला असतो. मूळ शीर्षकही तेच करते. नाटक मात्र त्या निवाड्यावरचा विश्वास ढळविते.