डेडलाइन नसलेला कॅन्सर

आपल्या सिनेमातल्या कॅन्सरला कायम घाई असते. हृषीकेश मुखर्जींच्या ‘आनंद’मध्ये (१९७१) नायकाच्या हाती जेमतेम सहा महिने असतात. संदीप सावंतांच्या ‘श्वास’मध्ये (२००४) ऑपरेशन अगदी तोंडावर आलेलं असतं. घड्याळ चालू, आपण रुमाल काढून तयार.

लाळग्रंथींचा अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा नावाचा दुर्मीळ कॅन्सर मात्र या साच्यात बसत नाही. कानाखाली, जबड्याखाली किंवा टाळूत एक छोटी गाठ येते. बऱ्याचदा दुखतही नाही. वर्षानुवर्षं सावकाश वाढते, नसांच्या कडेने सरकते, कधी चेहऱ्याचा एखादा भाग बधिर करते. सर्जरी होते, बहुतेकदा त्यानंतर रेडिएशन. तरी दहा-पंधरा वर्षांनीही तो परत येऊ शकतो, फुप्फुसातसुद्धा. आणि तिथे पोचल्यावरही काहीजण बरीच वर्षं जगतात. म्हणजे ‘पाच वर्षं झाली, सुटलो’ म्हणून पेढे वाटायची सोय नाही. पटकथाकाराने इंटरव्हल घ्यायचा कुठे?

‘श्वास’ला मी ‘आनंद’पेक्षा वरचा मानतो, कारण त्यातली मुदत मरणाची नाही, नजरेची आहे. परशाचा जीव वाचवायचा तर डोळे जाणार. म्हणून अरुण नलावडेंचे आजोबा त्याला हॉस्पिटलमधून गुपचूप बाहेर काढून एक दिवस शहर दाखवतात. पण परशाचं खरं आयुष्य ऑपरेशननंतर सुरू होतं, आणि तिथे सिनेमा जवळजवळ संपतो. त्याची दहावी, त्याचा कॉलेजचा प्रवास, दरवर्षीची तपासणी? ते आपण कधी विचारलंच नाही.

हे ज्याने लिहिलं, तो समीक्षकच होता. शिकागोचा रॉजर ईबर्ट, पुलित्झर मिळवणारा पहिला सिनेसमीक्षक. २००२मध्ये थायरॉइडचा कॅन्सर, मग लाळग्रंथीचा, २००६मध्ये जबड्याचं ऑपरेशन. घरी निघायच्या तयारीत असताना तो लिओनार्ड कोहेनचं गाणं ऐकत थांबला आणि तेवढ्यात मानेची रक्तवाहिनी फुटली. वाटेत असता तर वाचला नसता. बोलणं, खाणं, पिणं मात्र कायमचं गेलं. २०१३मध्ये तो गेला, पण मधली वर्षं त्याने ढीगभर परीक्षणं लिहिली.

‘लाइफ इटसेल्फ’ (२०११) या त्याच्या आत्मकथनात आजाराला थोडीच प्रकरणं आहेत. बाकी बालपण, वर्तमानपत्राची कचेरी, लंडनमधली भटकंती, आवडत्या हॉटेलातलं खाणं. मला हाच त्या पुस्तकाचा सगळ्यात हुशार निर्णय वाटतो. तोंडाने खाता न येणारा माणूस चवी इतक्या बारकाईने आठवतो की आजार वेगळा सांगायची गरज उरत नाही.

‘आनंद’चा शेवट आठवा: टेपवरचा आवाज, आणि सगळं थिएटर रडतंय. ईबर्टचा आवाजही यंत्रातूनच यायचा, पण तो मरणोत्तर नव्हता. टाइप करायचा, कम्प्युटर बोलायचा. त्या आवाजात तो विनोद करायचा, वाद घालायचा. स्टीव्ह जेम्सच्या २०१४च्या माहितीपटात गळ्यातून नळीने स्राव ओढून काढतानाचं दृश्य आहे; बघवत नाही, पण हवंच होतं. मात्र चित्रीकरण शेवटच्या महिन्यांत झाल्यामुळे त्या माहितीपटालाही घड्याळ लागलंच. पुस्तक त्यातून सुटलं.

मराठीत असं संथ पुस्तक हवं, आणि ते डोंबिवली किंवा ठाण्यातून यावं असं मला फार वाटतं. इथून टाटा हॉस्पिटल म्हणजे मध्य रेल्वेने परळ. अपंग आणि कॅन्सर रुग्णांसाठीचा तो छोटा डबा आपण रोज बघतो. ‘या धडधाकट माणसाला काय झालंय?’ अशा नजरेनेही बघतो. त्यातली एखादी बाई दहाव्या वर्षीचं स्कॅन करायला निघालेली असेल. रेडिएशनने तोंड कोरडं, म्हणून पाण्याची बाटली हातातच. डब्यातली पोळी आमटीत बुडवल्याशिवाय उतरत नाही. फाइल पिशवीत मावत नाही. ऑफिसात तिला ‘बरी झालेली’ समजतात, त्यामुळे रजा मागताना काय सांगायचं ते तिने मुंब्र्यापर्यंत ठरवलेलं असतं. रिपोर्ट क्लिअर आला की पुढची तारीख मिळते, आणि ती परतीची कल्याण लोकल पकडते.