भाषा अनेक, दार एकच

मशीन लर्निंगच्या एखाद्या मुक्तस्रोत फ्रेमवर्कची माहिती वाचायला घेतली, की त्यात कोणकोणत्या संगणकीय भाषा चालतात याची यादी हमखास भेटते. पायथन, सी++, जावा, आर, ज्यूलिया वगैरे. यादी जितकी लांब तितके साधन सोयीचे, असा आपला समज होतो. माझाही होता.

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत संख्याशास्त्राचा एक विद्यार्थी आला. आर भाषेत त्याचा हात बसलेला. निवडलेल्या फ्रेमवर्कच्या यादीत आर होती, म्हणून मी त्याला बेलाशक पुढे जायला सांगितले. पहिल्याच दिवशी गाडी अडली. थरातील पेशींची संख्या म्हणून त्याने १० लिहिले होते. आरमध्ये नुसते १० लिहिले तर ते दशांशी संख्या म्हणून साठवले जाते; पूर्णांक हवा असेल तर पुढे ‘एल’ हे अक्षर जोडावे लागते. आरचा भाग हा केवळ निरोप्या होता. त्याने १०.० हा आकडा आतल्या पायथनकडे पोचवला आणि पायथनने तो नाकारला. चुकीचा संदेश आला तोही पायथनच्या परिभाषेत, म्हणजे विद्यार्थ्याला न येणाऱ्या भाषेत. दोन दिवस गेले.

असे का होते? फ्रेमवर्कचे जड गणित सहसा सी++ मध्ये लिहिलेले असते आणि वापरणाऱ्याची भाषा हे त्याचे दार असते. दारे अनेक बसवता येतात, पण आत दर महिन्याला नव्या क्रियांची भर पडते आणि प्रत्येक दाराशी ती कोणीतरी जोडून द्यावी लागते. गूगलने नोव्हेंबर २०१५ मध्ये खुल्या केलेल्या टेन्सरफ्लोमध्ये विकलनाचा बराचसा भाग सुरुवातीला पायथनमध्येच होता. विकलनाशिवाय नेटवर्कला शिकवता येत नाही. त्यामुळे इतर भाषांतून शिकून तयार झालेले नेटवर्क चालवता येई, पण शिकवायचे म्हटले की पंचाईत. जुन्या आवृत्तीचा प्रोग्रॅम नव्या आवृत्तीत चालेल ही हमीही टेन्सरफ्लो पायथन आणि सी यांच्यासाठी देते. जावा, गो वगैरेंना ती नाही. यादीत मात्र सगळ्या भाषा एकाच ओळीत बसतात. पायथन, आर, स्काला, ज्यूलिया, अगदी पर्लसुद्धा मिरवणारे एमएक्सनेट २०२३ साली अपाचे संस्थेने निवृत्त केले. त्याला इतरही कारणे असतील, पण लांब यादीने ते तगले नाही हे खरे.

तेव्हा पायथन घ्यावी आणि मोकळे व्हावे? तेवढ्याने भागत नाही. टेन्सरफ्लोच्या पहिल्या आवृत्तीत २ आणि ३ हे दोन स्थिरांक घेऊन त्यांची बेरीज छापायला सांगितली, तर उत्तर ५ येत नसे. ‘बेरीज नावाची एक गाठ तयार झाली आहे’ अशा अर्थाची ओळ येई. कारण आपण बेरीज केलेलीच नसे, बेरजेचा आराखडा मांडलेला असे. पूर्ण आराखडा झाल्यावर ‘सेशन’ उघडून तो चालवला की मगच ५ दिसे. यामागे हेतू चांगला होता: सगळा आराखडा आधी हाती आला तर संगणक त्यात काटकसर शोधू शकतो, आणि तो पायथन नसलेल्या यंत्रावरही नेता येतो. पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा स्वयंपाक असा, की मीठ विसरले हे पंगतीत वाढल्यावर कळावे. अक्षरे पायथनची होती, पायथनची सवय मात्र तिथे चालत नव्हती.

याच्या नेमके उलट उदाहरण टॉर्चचे. ते लुआ या भाषेत वापरायचे. १९९३ साली ब्राझीलमध्ये जन्मलेली ही भाषा छोटी आणि वेगवान. टॉर्चमध्ये लिहिलेली ओळ लगेच चाले, लगेच तपासता येई. फेसबुक आणि डीपमाइंड येथील संशोधक ते वापरत. पण आकडेमोड, तक्ते, आलेख यांसाठी पायथनभोवती जो गोतावळा जमला होता, तो लुआभोवती नव्हता. जानेवारी २०१७ मध्ये पायटॉर्च आले. आतली सी भाषेतील गणिती यंत्रणा बरीचशी टॉर्चचीच, बाहेरची भाषा मात्र पायथन, आणि लिहिलेली ओळ लगेच चालणारी. संशोधक झपाट्याने तिकडे वळले. त्यात विकलनाची नवी सोयही होती, म्हणून सगळे श्रेय भाषेला देता येणार नाही. तरीही या विषयात प्रयोगाच्या इतकी जवळ जाणारी तुलना मला दुसरी दिसत नाही.

पुढे टेन्सरफ्लोनेही माघार घेतली. सप्टेंबर २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत बेरजेचे उत्तर आपोआप ५ येऊ लागले. उलट मार्च २०२३ मध्ये पायटॉर्चने आराखड्याची काटकसर आणली, पण ऐच्छिक म्हणून. आधी चुका काढा, मग हवा तर वेग घ्या. हा क्रम मला योग्य वाटतो. दरम्यान गूगलने २०१८ साली पुढे आणलेला स्विफ्ट भाषेचा प्रकल्प २०२१ मध्ये गुंडाळला गेला. भाषा म्हणून स्विफ्टमध्ये उणे काढण्यासारखे फारसे नव्हते.

अकरावी-बारावीच्या मुलांसाठी असे साधन निवडायचे झाल्यास मी यादी बाजूला ठेवतो. दोन तक्त्यांचा गुणाकार मुद्दाम चुकीच्या मापांनी करून पाहतो: २ ओळी ३ स्तंभांचा तक्ता आणि पुन्हा २ ओळी ३ स्तंभांचाच. फ्रेमवर्क त्याच ओळीवर थांबते का, दोन्ही मापे सांगते का, आणि मुलांना येणाऱ्या भाषेत सांगते का, एवढे बघतो. पाच मिनिटांचे काम आहे.

आमच्या विद्यार्थ्याने शेवटी महिनाभर खर्चून पायथन शिकून घेतली. आलेख मात्र तो अजून आरमध्येच काढतो. ते तिथे जास्त चांगले येतात असे त्याचे म्हणणे आहे, आणि मला ते खोडून काढता आलेले नाही.